दिल्ली, नवी दिल्ली आणि बडनेऱ्याची नवी वस्ती

तालुक्याच्या गावात आमची अभ्यासिका आहे. दर वर्षी नवी पोरं येतात आणि दर वर्षी तीच चूक घेऊन येतात. कुणी वहीत 'भारताची राजधानी : दिल्ली' लिहिलं की मी लाल पेनाने खोडतो. मग मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "काहून जी सर? दिल्ली काय अन् नवी दिल्ली काय, एकच नाही का?"

नाही. आणि पोरांना तरी काय म्हणावं, बाजारात मिळणाऱ्या एका गाईडमध्ये राजधानी 'दिल्ली' आणि दोन पानांनंतर तिचं क्षेत्रफळ 1483 चौरस किलोमीटर असं बेधडक छापलेलं मी पाहिलं आहे. राजधानी आहे नवी दिल्ली. ते क्षेत्रफळ तिचं नाही, दिल्ली या केंद्रशासित प्रदेशाचं आहे.

दिल्ली कुणाला सांगायला नको. शाहजहानने 1639 मध्ये बांधायला घेतलेला लाल किल्ला, चांदणी चौक, जामा मशीद, 15 ऑगस्टचं भाषण. ही जुनी दिल्ली सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असते. अडतं ते 'नवी' या शब्दापाशी.

अमरावतीजवळच्या बडनेऱ्यात जुनी वस्ती आहे आणि नवी वस्ती आहे. दोन्ही मिळून बडनेरा, हिशोब संपला. आपण तोच हिशोब दिल्लीला लावतो: जुनी दिल्ली अधिक नवी दिल्ली म्हणजे दिल्ली. इथेच गाडी रुळावरून घसरते. नवी दिल्ली हा दिल्लीचा अर्धा भाग नाही. दिल्लीच्या पोटात कुंपण घालून वेगळा ठेवलेला तो एक लहानसा तुकडा आहे. राष्ट्रपती भवन, संसद, मंत्रालयांच्या इमारती, कॅनॉट प्लेस, वकिलातींची चाणक्यपुरी, हे सगळं त्यात येतं. या तुकड्याचा कारभार नवी दिल्ली नगरपालिका परिषद पाहते आणि तिची हद्द जेमतेम 42.7 चौरस किलोमीटर आहे. म्हणजे अख्ख्या दिल्लीचा साधारण पस्तिसावा हिस्सा. 2011 च्या जनगणनेत तिथे अडीच लाखांहून थोडी जास्त माणसं होती. आपल्या चंद्रपूर शहरात त्याच वर्षी सव्वातीन लाखांच्या जवळपास होती! दिल्ली प्रदेशाची लोकसंख्या मात्र 1 कोटी 68 लाख.

मग उरलेली दिल्ली जुनी की नवी? दोन्ही नाही. रोहिणी, द्वारका, लक्ष्मीनगर, मुखर्जीनगर ही नुसती दिल्ली आहे. द्वारका तर वयाने नव्या दिल्लीपेक्षा कितीतरी लहान, पण म्हणून ती 'नवी दिल्ली' होत नाही. 'नवी' हे इथे वय नाही, नाव आहे. तेही आता म्हातारं झालं. पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा केली डिसेंबर 1911 मध्ये. पायाभरणीचा दगड बसवला शहराच्या उत्तरेला, मग जागा बदलली आणि शहर उभं राहिलं दक्षिणेला, रायसीना टेकडीच्या अंगाने. लुटियन्स आणि बेकर या दोन इंग्रज वास्तुविशारदांनी ते आखलं, आणि 13 फेब्रुवारी 1931 ला व्हाइसरॉय आयर्विनने उद्घाटन केलं. पुढे सोळा वर्षांत इंग्रज गेले.

हे कुंपण नुसतं नकाशावरचं नाही. 'नगरपालिका परिषद' वाचून आपली नगर परिषद डोळ्यांपुढे आणू नका. आपल्याकडे वॉर्ड असतात, नगरसेवक असतात, निवडणुकीच्या आधी रातोरात मुरूम पडतो. नव्या दिल्लीत नगरसेवक निवडूनच येत नाही. अध्यक्ष केंद्र सरकार नेमतं, बरेचसे सदस्यही नेमलेलेच, आणि त्या भागातले आमदार पदामुळे परिषदेवर बसतात. बाकीच्या दिल्लीत महानगरपालिका आहे, 250 वॉर्ड आहेत, रीतसर मतदान आहे. (लष्कराची छावणी तिसरीच, तिचं मंडळ वेगळं.) म्हणून परीक्षेत 'नवी दिल्लीचे महापौर' असा पर्याय दिसला की समजायचं, प्रश्न काढणाराच चुकला आहे किंवा तो तुम्हाला फसवतो आहे.

गोंधळात भर टाकतो तो पोस्टाचा पत्ता. आमच्याकडून यूपीएससीसाठी राजेंद्रनगरला गेलेली पोरं पत्त्यात बिनदिक्कत 'नवी दिल्ली 110060' लिहितात. पत्र पोचतं, तक्रार नाही. पण नाली तुंबली तर बोलवायचं महानगरपालिकेला. लोकसभेचा नवी दिल्ली मतदारसंघ आणि नवी दिल्ली नावाचा जिल्हा यांच्याही हद्दी या 42.7 चौरस किलोमीटरशी जुळत नाहीत. एकाच नावाने इतक्या रेघा ओढल्यावर माणूस चक्रावणारच.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे 'दिल्ली सरकार'. कापसाच्या आयात शुल्कावर चौकात चर्चा रंगली की कुणीतरी म्हणतंच, "दिल्ली सरकारनं मारलं आपल्याले." दिल्लीतल्या सरकारने म्हणा हवं तर, पण 'दिल्ली सरकार' म्हणू नका. ते वेगळं दुकान आहे. 69 व्या घटनादुरुस्तीने, 1991 मध्ये, दिल्लीला राष्ट्रीय राजधानी क्षेत्र केलं आणि 70 आमदारांची विधानसभा दिली. त्या सरकारचा तुमच्या कापसाशी काडीचा संबंध नाही. त्याच्या हातात स्वतःचे पोलीस नाहीत, जमीन नाही, ती खाती केंद्राकडे. गंमत अशी की ही विधानसभा भरते ती सिव्हिल लाइन्सकडच्या जुन्या सचिवालयात, म्हणजे नव्या दिल्लीच्या हद्दीबाहेर.

एनसीआर, म्हणजे दिल्ली आणि शेजारच्या राज्यांतले जिल्हे मिळून आखलेला पट्टा, त्याबद्दल फार बोलत नाही. नोएडा उत्तर प्रदेशात, गुरुग्राम हरियाणात. एनसीआरच्या रेघेत करनाल आणि भरतपूरही येतात, म्हणून ती दिल्ली होत नाहीत. नोएडात नोकरी लागलेल्या पोराच्या आईने 'दिल्लीले आहे' म्हटलं तर मी काही बोलत नाही, एवढी सूट आहे.

पण तिकीट काढताना सूट नाही. नागपूरहून जाणाऱ्या काही गाड्या नवी दिल्ली स्टेशनपर्यंत जातात, काही हजरत निजामुद्दीनलाच संपतात, आणि 'दिल्ली जंक्शन' म्हणजे चांदणी चौकाजवळचं जुनं स्टेशन. तीन स्टेशनं, तीन टोकं. "दिल्लीचं एक द्या" म्हणून खिडकीवर उभे राहू नका, स्टेशनाचं नाव सांगा. आणि उतरल्यावर ऑटोवाल्याला नुसतं 'महाराष्ट्र सदन' म्हणू नका. तीही दोन आहेत, जुनं कोपर्निकस मार्गावर, नवं कस्तुरबा गांधी मार्गावर. दोन्ही नव्या दिल्लीतच, पण खोली एकाच ठिकाणी मिळालेली असते.