वेब टर्मिनल

वेब टर्मिनल म्हणजे सर्व्हरची कमांड लाइन ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडून देणारा छोटा प्रोग्राम. सुरक्षेच्या क्षेत्रात 'वेब शेल' हा शब्द घुसखोराने सर्व्हरवर लपवून ठेवलेल्या स्क्रिप्टसाठीही वापरतात. ही नोंद त्याविषयी नाही.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली, रबाळे, महापे या भागात डेटा सेंटरांची दाटी आहे. तिथल्या रॅकमधला सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस क्वचितच एका इमारतीत असतात. ठाण्यातल्या कॉलेजच्या लॅबमधून किंवा क्लायंटच्या कार्यालयातून काम करताना अनेकदा एसएसएचचे (दुरून सर्व्हरची कमांड लाइन वापरण्याची नेहमीची सुरक्षित पद्धत) पोर्ट २२ बंद आणि फक्त सुरक्षित वेबचे ४४३ खुले असते, शिवाय तिथल्या संगणकावर पुट्टी हा एसएसएचचा प्रोग्राम टाकण्याची मुभा नसते. अशा वेळी नेटवर्क सांभाळणाऱ्यांना विचारून वेब टर्मिनल वापरावे. ज्याला साधे एसएसएच मिळते, त्याने एसएसएचच वापरावे.

जुन्या सर्व्हरांवर 'शेल इन अ बॉक्स' हे वेब टर्मिनल आढळते. ते पोर्ट ४२०० वर चालते आणि वेबसॉकेटऐवजी (ब्राउझर व सर्व्हर यांच्यात सतत खुली राहणारी जोडणी) साध्या एचटीटीपी विनंत्यांवर काम भागवते. २.१९ च्या आधीच्या आवृत्त्यांत एन्क्रिप्शन टाळून साध्या एचटीटीपीवर घसरण्याची त्रुटी होती, त्यामुळे त्या ठेवू नयेत. नव्याने बसवताना 'टीटीवायडी' घ्यावे. त्याचे नेहमीचे पोर्ट ७६८१.

डेबियन किंवा उबुंटूवर एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या कमांडने टीटीवायडी पाच मिनिटांत बसते. खरे काम त्यानंतरचे, कारण उघड्या पोर्टवर थेट बॅश हे शेल (कमांड घेऊन चालवणारा प्रोग्राम) लावले तर पत्ता ठाऊक असलेला कोणीही आत येतो, आणि सर्व्हिस रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून चालत असेल तर रूट होऊनच येतो. म्हणून शेलच्या जागी 'लॉगिन' हा प्रोग्राम द्यावा. तो नाव-पासवर्ड विचारतो. टीटीवायडीच्याच कमांडमध्ये पासवर्ड लिहिण्याची सोय आहे, पण प्रोसेसची यादी काढणाऱ्या प्रत्येकाला तो वाचता येतो. दुसरी अट, सर्व्हिस फक्त लूपबॅकवर, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःपुरत्या १२७.०.०.१ या पत्त्यावर, ऐकत असावी. 'एसएस' कमांडने ऐकणारी पोर्टे पाहावीत; ७६८१ समोर ०.०.०.० (म्हणजे सगळ्या पत्त्यांवर खुले) दिसले तर मांडणी चुकली आहे. फायरवॉलमध्ये हे पोर्ट उघडण्याची गरजच नसते.

बाहेरच्या जगासमोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ, म्हणून उभा करावा, ४४३ वर, प्रमाणपत्रासह. मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचे नेहमीचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते; नूतनीकरण आपोआप होते की नाही ते एकदा चाचणी घेऊन पाहावे. बहुतेकांचे अडते ते याच टप्प्यावर. पान उघडते, काळा चौकोन दिसतो, पण प्रॉम्प्ट (कमांड लिहिण्याच्या जागेची खूण) येत नाही. याचे कारण बहुधा वेबसॉकेट पलीकडे पोहोचलेलेच नसते: प्रॉक्सीची एचटीटीपी आवृत्ती १.१ करून 'अपग्रेड' आणि 'कनेक्शन' ही दोन्ही हेडरे (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) पुढे पाठवावी लागतात. तरीही जोडणी नाकारली गेली तर 'होस्ट' हेडर तपासावे. मोठ्या ओ चा पर्याय लावला असेल तर टीटीवायडी ब्राउझरने पाठवलेले मूळ संकेतस्थळ आणि होस्ट जुळवून पाहते. ४४३ सोडून दुसरे पोर्ट वापरत असाल तर होस्टमध्ये पोर्टचा आकडाही गेला पाहिजे.

प्रॉम्प्ट दिसतो पण अक्षर उमटत नाही, ही वेगळी तक्रार. आवृत्ती १.७.४ पासून टर्मिनल मुळात फक्त पाहण्यापुरते उघडते; लिहिण्यासाठी मोठ्या डब्ल्यूचा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. हा बदल चांगलाच आहे.

ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये रेंज गेली की टॅब तुटतो, आणि टीटीवायडी आतल्या प्रोसेसला हँगअप सिग्नल पाठवते. पॅकेज अपडेट अर्धवट राहते ते असे. म्हणून लॉगिन होताच टीमक्स (जोडणी तुटली तरी आतले काम चालू ठेवणारा प्रोग्राम) सुरू करून त्यातच काम करावे. कंट्रोल-डब्ल्यूची सवय असलेल्यांनी आणखी जपावे: शेलमध्ये ती कळ मागचा शब्द खोडते, ब्राउझरमध्ये टॅबच बंद करते.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग, म्हणजे कामाच्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवावे लागतात. प्रॉक्सीमागच्या टीटीवायडीला प्रत्येक पाहुणा १२७.०.०.१ वरूनच आलेला दिसतो. खरा पत्ता एनजिनएक्सच्या लॉगमध्ये असतो, तेव्हा तो लॉग आधी जपावा.

मराठी नावांच्या फाइली असतील तर सर्व्हरचे लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ ठेवावे. ते 'सी' असेल तर फाइलींच्या यादीत 'क' च्या जागी ३४०, २४४, २२५ असे तीन आकडे येतात. ते 'क' चे तीन बाइट, अष्टमान पद्धतीत. लोकेल सुधारल्यावरही जोडाक्षरे आणि वेलांट्या विस्कटलेल्या दिसू शकतात, कारण टर्मिनल प्रत्येक अक्षर ठरावीक रुंदीच्या चौकटीत बसवते. फाइलला त्याने काही होत नाही.