वस्तादाच्या हाताखालचं शिक्षण: मोटार मेकॅनिकच्या उमेदवारीची पार्श्वभूमी

कार्ल बेंझने १८८६ मध्ये मोटारीचं पेटंट घेतलं, तेव्हा ती दुरुस्त करणारा कारागीर अजून घडायचा होता. १८८८ मध्ये बर्था बेंझ मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. वाटेत साखळीचं काम लोहाराने केलं, ब्रेकला चामडं चांभाराने लावून दिलं. पुढे लोहार, सायकलवाले, फिटर या धंद्यात उतरले आणि शिकवण्याची आपली जुनी रीतही घेऊन आले. ती किती जुनी? इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने उमेदवारी किमान सात वर्षांची ठरवली होती. ती सक्ती १८१४ मध्ये उठली, रीत मात्र टिकली: आधी झाडलोट, मग पाने हातात देणं, मग कधीतरी नट खोलायला मिळणं.

१९०८ ते १९२७ दरम्यान फोर्डच्या दीड कोटी 'मॉडेल टी' निघाल्या. एवढ्या गाड्यांना पुरतील इतके मेकॅनिक नुसत्या गॅरेजांतून तयार होणं अवघडच होतं. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने व्यवसाय शिक्षणाला केंद्राचा पैसा दिला. जर्मनीत गॅरेज आणि शाळा अशी दुहेरी पद्धत रुळली. १९६९ मध्ये पश्चिम जर्मनीत तिला देशभर एकच कायदा मिळाला.

तरी खरं शिक्षण बॉनेटखालीच होई. काढलेला प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा) काळा, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरट असेल तर कमी. फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक. हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळायचे. नवशिक्याने एका कडेचा बोल्ट एकदम गच्च केला, की हेड वाकून गॅस्केट (खालची गळती रोखणारी पट्टी) जाण्याची भीती. हे पुस्तकात वाचता येतं, पण सवय लागते ती शेजारी उभं राहून कोणी हात धरल्यावरच.

मग इलेक्ट्रॉनिक्स आलं. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून गाड्यांना ठरावीक पद्धतीचं निदान-सॉकेट (बिघाड वाचणारा स्कॅनर जोडायची जागा) सक्तीचं झालं. २००३ मध्ये जर्मनीने मोटार मेकॅनिक आणि मोटार इलेक्ट्रिशियन हे दोन व्यवसाय एकत्र केले; त्याचं प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं. स्कॅनर मात्र बिघाडाचा कोड दाखवतो, कारण शोधावंच लागतं. सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलला आणि दोष निघाला तुटक्या वायरीत, असं सर्रास होतं. इलेक्ट्रिक गाडीत तर शेकडो व्होल्ट. तिथे चुकतमाकत शिकण्याची सोयच नाही.

अशा वेळी शिकवणाऱ्याचा वेळ सगळ्यात मोलाचा, आणि नेमका तोच हिशेबात धरला जात नाही. बऱ्याच गॅरेजांत मेकॅनिकला कामागणिक पैसे मिळतात. शिकाऊ मुलाला समजावण्यात गेलेला तास त्याच्या स्वतःच्या कमाईतून जातो. माझ्या मते नव्या अभ्यासक्रमाआधी या तासाचा मोबदला ठरायला हवा.