एल. ए. नॉयर (२०१७ ची रीमास्टर आवृत्ती) : समीक्षकांचा आणि खेळणाऱ्यांचा प्रतिसाद

एल. ए. नॉयर हा १९४७ सालच्या लॉस एंजलिसमध्ये घडणारा, गुन्ह्यांच्या तपासावर बेतलेला अ‍ॅक्शन व्हिडिओ गेम आहे. सिडनीच्या टीम बाँडी या स्टुडिओने तो तयार केला. रॉकस्टार गेम्सने १७ मे २०११ रोजी तो प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० साठी अमेरिकेत प्रकाशित केला. पीसीवर तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आला. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि निन्टेंडो स्विच या कन्सोलवर त्याची रीमास्टर (जुन्याच गेमचे चित्र सुधारलेली) आवृत्ती निघाली. या आवृत्तीबद्दल समीक्षक काय म्हणाले आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यातल्या खेळणाऱ्याला त्यातले काय लागू पडते, हा या नोंदीचा विषय आहे. प्रस्तुत लेखकाचे मत सुरुवातीलाच सांगितलेले बरे : रीमास्टरने शहर लख्ख केले, पण चौकशीच्या खोलीला जवळजवळ हातच लावला नाही. आणि हा गेम तर त्या खोलीसाठीच खेळायचा असतो.

खेळाचे स्वरूप

नायक कोल फेल्प्स दुसऱ्या महायुद्धातल्या ओकिनावाच्या लढाईतून परतलेला सैनिक आहे. लॉस एंजलिस पोलिसांत तो गस्तीवरच्या साध्या हवालदारीपासून सुरुवात करतो आणि वाहतूक, खून, व्हाइस (जुगार, अमली पदार्थ वगैरे) व जाळपोळ अशा विभागांतून पुढे सरकतो. मूळ गेममध्ये २१ प्रकरणे होती. नंतर स्वतंत्रपणे विकलेली ५ प्रकरणे रीमास्टरमध्ये आधीपासूनच जोडलेली आहेत. पाठलाग, मारामारी, गोळीबार हे सगळे आहे, पण गेमचा भर त्यावर नाही. एखादा अ‍ॅक्शन प्रसंग तीनदा हरलात तर तो सोडून पुढे जायची मुभा मिळते. यावरून निर्मात्यांनी महत्त्व कशाला दिले ते कळते.

तपासाची रीत अशी : घटनास्थळी फिरायचे, वस्तू उचलून उलटसुलट करून पाहायच्या. पुराव्याजवळ गेले की कंट्रोलर थरथरतो. मागे संथ संगीत चालू असते आणि सगळे पुरावे सापडले की ते थांबते. सापडलेली प्रत्येक गोष्ट वहीत नोंदली जाते. मग साक्षीदारासमोर किंवा संशयितासमोर ही वही उघडून एकेक प्रश्न विचारायचा.

वाहतूक विभागातले पहिले प्रकरण उदाहरणादाखल घेऊ. रेल्वे यार्डाजवळ रक्ताने माखलेली गाडी सोडून दिलेली आहे. मालक बेपत्ता, शेजारी एक पाइपचा तुकडा, आणि गाडीत जिवंत डुक्कर विकत घेतल्याची पावती. खून झाला असे सगळेच धरून चालतात. मालकाच्या घरी गेल्यावर पाणी तापवायच्या बंबाचा पाइप गायब दिसतो आणि घटनास्थळीचा तुकडा तिथलाच असल्याचे लक्षात येते. घरात बायको काळजीत बसलेली. तिला विचारायचे की नवऱ्याचे बाहेर कोणाशी काही होते का, आणि तिचा चेहरा वाचायचा. रक्त डुकराचे होते आणि नवरा स्वतःच्या खुनाचा देखावा रचून दुसऱ्या बाईकडे पळाला होता, हे उलगडेपर्यंत खेळणाऱ्याने एकही गोळी झाडलेली नसते. गेमची खरी ताकद या प्रकरणात दिसते.

मूळ आवृत्तीचे स्वागत

२०११ मध्ये समीक्षकांनी गेम डोक्यावर घेतला. समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर दोन्ही कन्सोल आवृत्त्यांची सरासरी १०० पैकी ८९ होती. न्यूयॉर्कच्या ट्रायबेका चित्रपट महोत्सवात दाखवला गेलेला हा पहिला व्हिडिओ गेम. त्याच्या संगीताला २०१२ चा बाफ्टा (ब्रिटिश चित्रपट-दूरचित्रवाणी अकादमीचा) पुरस्कार मिळाला.

कौतुकाचा मोठा वाटा चेहऱ्यांना होता. मोशनस्कॅन नावाच्या तंत्रात कलाकाराला प्रखर, सपाट उजेडात खुर्चीवर बसवून ३२ कॅमेऱ्यांनी एकाच वेळी टिपले जाई. चेहरा कोणी अ‍ॅनिमेटरने हाताने हलवलेला नव्हता. नटाने ओठ चावला की पात्राने तो चावलेला दिसे. चारशेहून अधिक कलाकार यासाठी बसले. शरीराच्या हालचाली मात्र वेगळ्या टिपल्या होत्या आणि इथेच सांधा उघडा पडला. चेहरा जिवंत, पण मानेखाली लाकडी बाहुली, अशी तक्रार त्या वेळीही होती. शहर मोठे पण त्यात करण्यासारखे फार नाही, ही दुसरी तक्रार.

आणखी एक गोष्ट या गेमच्या स्वागतापासून वेगळी काढता येत नाही. सुमारे ७ वर्षे चाललेल्या कामात टीम बाँडीतल्या लोकांना ज्या तासांपर्यंत राबवले गेले, त्याच्या बातम्या प्रकाशनानंतर महिन्याभरात बाहेर आल्या. शंभराहून अधिक जणांची नावे श्रेयनामावलीत नव्हती. त्याच वर्षी स्टुडिओ बंद पडला. समीक्षा वाचताना हे लक्षात ठेवायला हवे, कारण ज्या बारकाव्यांची सर्वांनी स्तुती केली ते याच लोकांच्या हातचे होते.

२०१७ मध्ये काय बदलले

स्टुडिओच उरला नसल्याने रीमास्टरचे काम व्हर्चुओस या कंपनीकडे गेले. प्रकाश, ढग आणि हवामान सुधारले, पृष्ठभागांचे चित्रण अधिक रेखीव झाले, कॅमेऱ्याचे काही नवे कोन आले. साध्या प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वनवर १०८०पी (पूर्ण एचडी), तर प्लेस्टेशन ४ प्रो आणि एक्सबॉक्स वन एक्सवर ४के (त्याहून चौपट बारीक) चित्र मिळू लागले. स्विचवर टच-स्क्रीन आली आणि हातातला जॉय-कॉन (स्विचचा सुटा कंट्रोलर) फिरवून पुरावा फिरवायची सोय झाली. चौकशीच्या तीन बटणांची नावेही बदलली; त्याविषयी पुढे सविस्तर.

समीक्षकांचे म्हणणे

एकंदर प्रतिसाद अनुकूल, पण २०११ चा उत्साह त्यात नव्हता. चेहऱ्यांचे अ‍ॅनिमेशन ६ वर्षांनंतरही टिकून आहे, यावर बहुतेकांचे एकमत होते. गाडी चालवणे आणि गोळीबार जुनाट वाटतो, यावरही होते.

स्विच आवृत्तीची चर्चा सर्वांत रंगली. प्रकरणे सुटी-सुटी असल्यामुळे प्रवासात एकेक संपवता येते आणि टच-स्क्रीनवर बोटाने पुरावे चाळणे सहज जमते, हे समीक्षकांना आवडले. शहरातून गाडी नेताना चित्र अडखळते, हे खटकले. किंमतही खटकली : इतर कन्सोलवर ४० डॉलर, स्विचवर ५०. त्या वेळच्या दराने हे साधारण २,६०० आणि ३,२५० रुपये होतात. शिवाय स्विचचे कार्ट्रिज (गेमचे छोटे कार्ड) विकत घेतले तरी सुमारे १४ जीबी वेगळे उतरवून घ्यावे लागे. त्या काळातल्या रोज १ जीबीच्या मोबाइल पॅकवर हिशेब केला, तर विकत आणलेला गेम सुरू व्हायला दोन आठवडे लागले असते.

चित्राच्या दर्जाबाबत एक सूक्ष्म अडचण होती. भिंती, गाड्या, कोटाचे कापड नव्याने रेखीव करता आले. चेहरे म्हणजे मात्र २०११ च्या आधी टिपलेली नोंद होती. नटांना पुन्हा खुर्चीवर बसवल्याशिवाय ती वाढवता येणार नव्हती. त्यामुळे आसपास जितके लख्ख झाले, तितका जुना चेहरा त्यात वेगळा दिसू लागला. यासाठी व्हर्चुओसला दोष देणे योग्य नाही. मोशनस्कॅनमध्ये जे नाट्य थेट उतरते, त्याची ही किंमत आहे.

तीन बटणांचा प्रश्न

मूळ गेममध्ये उत्तर ऐकल्यावर तीन पर्याय असत : ‘ट्रूथ’, ‘डाउट’ आणि ‘लाय’. खोटे ठरवायचे तर पुरावा दाखवावा लागे. पुरावा नसेल तर शंका घ्यायची. प्रत्यक्षात ‘डाउट’ दाबले की फेल्प्स सौम्यपणे शंका व्यक्त करण्याऐवजी एकदम अंगावर धावून जाई. इस्पितळात पडलेल्या पंधरा वर्षांच्या घाबरलेल्या मुलीशीही तो त्याच आवाजात बोले. संवाद ध्वनिमुद्रित झाले तेव्हा या पर्यायांची नावे वेगळी होती आणि मधल्या पर्यायाचा अर्थ दबाव टाकणे असा होता, असे नंतर पुढे आले. लेबल बदलले पण आवाज तोच राहिला, आणि खेळणाऱ्यांना सर्वांत जास्त चीड आणणारी गोष्ट गेमच्या केंद्रस्थानी जाऊन बसली.

रीमास्टरमध्ये ही नावे ‘गुड कॉप’, ‘बॅड कॉप’ आणि ‘अ‍ॅक्यूज’ अशी झाली. बटण दाबल्यावर फेल्प्स कसा वागेल, याची कल्पना आता आधी येते; ही खरी सुधारणा आहे आणि तिला मिळायला हवे तेवढे श्रेय मिळालेले नाही. पण नव्या नावांनी दुसरा घोळ घातला. पूर्वी प्रश्न ‘हा खरे बोलतोय का?’ असा होता. आता तो ‘मी याच्याशी कसा वागू?’ असा झाला, आणि गेम मात्र अजूनही पहिल्याच प्रश्नाचे उत्तर तपासतो. खरे बोलणाऱ्यावर दबाव टाकला तर गुण जातात. साक्षीदार गप्प होतो, माहितीचा तो धागा तुटतो आणि प्रकरणाच्या शेवटी तारे कमी मिळतात. संवाद नव्याने न लिहिता नुसत्या पाट्या बदलून हे सुटण्यासारखे नव्हते.

जुन्या खेळणाऱ्यांची यावर एक युक्ती आहे. आरोपाचे बटण दाबायचे, फेल्प्स नेमका कशाचा आरोप करतो ते ऐकायचे, आणि हाती तसा पुरावा नसेल तर माघार घ्यायची. गेम याची परवानगी देतो. चौकशी म्हणून ही पळवाट असली, तरी बटण आणि बोलणे यांचा मेळ बसत नसताना खेळणाऱ्याने काढलेला तो रास्त मार्ग आहे.

खानदेशातून पाहताना

रीमास्टर पीसीवर आलेच नाही. निन्टेंडोनेही तेव्हा स्विच भारतात अधिकृतपणे आणलेला नव्हता. खानदेशात गेम म्हणजे आधी मोबाइल, मग कोणाचा तरी पीसी किंवा कॉलेजसाठी घेतलेला लॅपटॉप. कन्सोल मोजक्या घरांत. त्यामुळे इथे ज्यांना हा गेम ठाऊक आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांना २०११ चीच पीसी आवृत्ती ठाऊक असते, आणि बोलण्यातही ‘डाउट’ हाच शब्द येतो. रीमास्टरच्या परीक्षणांतले ४के आणि जॉय-कॉनचे कौतुक त्यांच्यासाठी दुसऱ्याच्या घरचे लग्न ठरते. हातात धरून खेळता येणाऱ्या आवृत्तीचा खरा उपयोग भारनियमनाच्या गावी झाला असता, पण तीच इथवर सरळ मार्गाने पोहोचली नाही.

समीक्षकांच्या नजरेतून निसटलेला मुद्दा भाषेचा आहे. गेममध्ये कोणतीही भारतीय भाषा नाही. संवाद चाळीसच्या दशकातल्या अमेरिकन पोलिसी इंग्रजीत आहेत. चाळीसगाव किंवा शहाद्याच्या मराठी शाळेत शिकलेला मुलगा ते कानाने पकडू शकत नाही, खालची अक्षरे वाचतो. डोळा खाली गेला की चेहरा सुटणार, असे वाटते. प्रत्यक्षात गेम तिथे थांबतो. उत्तर देऊन झाले तरी संशयित बटण दाबेपर्यंत समोर चुळबुळत राहतो, नजर चोरतो, आवंढा गिळतो. आधी वाचून मग वर बघता येते. म्हणून चेहरे इथे नीट वाचले जातात. स्क्रीनभोवती दोघे-तिघे बसलेले असले, तर एखादा लगेच अहिराणीत म्हणतो, ‘हाऊ लबाड बोली राह्यना’ (हा खोटे बोलतोय), आणि बहुधा त्याचे बरोबर असते.

अडते ते पुढे. लबाडी ओळखली, पण दबाव टाकायचा की आरोप करायचा? ते ठरते संशयिताने नेमके काय म्हटले यावर. त्याच्या कोणत्या शब्दाला वहीतला कोणता पुरावा छेद देतो यावर. आणि ते वाक्य एव्हाना पडद्यावरून गेलेले असते. म्हणजे ज्या तंत्राचे जगभर कौतुक झाले, ते चेहऱ्यांचे तंत्र भाषेची वेस ओलांडून खानदेशात सहज पोहोचते. ज्या भागावर टीका झाली, तो बटणांचा आणि शब्दांचा भाग इथे दुप्पट त्रास देतो. रीमास्टर करणाऱ्यांनी चौकशीच्या वेळी संशयिताचे शेवटचे वाक्य पडद्यावर ठेवले असते, तर ४के चित्रापेक्षा त्याचा उपयोग जास्त लोकांना झाला असता.

१९४७ चे लॉस एंजलिस समजायला मात्र फारसे काही आड येत नाही. युद्धावरून परतलेल्यांसाठी घरे बांधण्याच्या नावाखाली जमिनींत चालणारा व्यवहार, त्यात हात ओले करणारे बडे लोक आणि त्यांच्यापर्यंत न पोहोचणारा तपास हे गेमचे मुख्य कथासूत्र कुठल्याही जिल्ह्याच्या गावी ओळखीचे वाटेल.

व्हीआर आवृत्ती

१५ डिसेंबर २०१७ रोजी एचटीसी वाइव्ह या डोक्यावर चढवायच्या व्हीआर (आभासी वास्तव) उपकरणासाठी ‘द व्हीआर केस फाइल्स’ ही वेगळी आवृत्ती निघाली. तीत ७ निवडक प्रकरणे आहेत. वही हातात धरता येते, पुरावा डोळ्यांजवळ नेता येतो आणि संशयित टेबलाच्या पलीकडे खऱ्या माणसाच्या आकारात बसलेला दिसतो. चेहऱ्यांचे तंत्र जणू याचीच वाट पाहत होते, असे अनेक समीक्षकांना वाटले, आणि ते पटण्यासारखे आहे. सपाट पडद्यावर जे चमत्काराच्या पातळीवर राहिले होते, ते इथे समोरासमोरची चौकशी झाले. प्रकरणांची कमी संख्या आणि महागडे उपकरण या तिच्या मर्यादा. २०१९ मध्ये ही आवृत्ती प्लेस्टेशन व्हीआरवरही आली. तिच्यामागे सिडनीचाच व्हिडिओ गेम्स डिलक्स हा स्टुडिओ होता. टीम बाँडीचे संस्थापक ब्रेंडन मॅकनमारा यांनीच तो उभा केला होता. २०२५ मध्ये रॉकस्टारने तो विकत घेऊन त्याला रॉकस्टार ऑस्ट्रेलिया असे नाव दिले.