झोप मोजणारे पाच प्रश्न

‘रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही’ ही तक्रार ऐकून घेता येते, आकड्यात बसवणं अवघड. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अवाढव्य अभ्यासात पाळी थांबलेल्या, 50 ते 79 वयाच्या 1,61,808 स्त्रिया होत्या. इतक्या जणींना डोक्याला तारा लावून प्रयोगशाळेत कुठे झोपवणार? तिथे पाच प्रश्न कामी आले.

प्रश्न गेल्या चार आठवड्यांबद्दलचे. झोप लागायला त्रास झाला का? रात्रीत अनेकदा जाग आली का? ठरवल्याच्या आधीच जाग आली का? पुन्हा झोप लागायला त्रास झाला का? आणि एकंदर झोप कशी होती? प्रत्येकाला 0 ते 4 गुण, म्हणजे जास्तीत जास्त 20. गुण जितके जास्त, तितका त्रास मोठा.

पण या गुणांवर भरवसा का ठेवायचा? डग्लस लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी 66,269 स्त्रियांची उत्तरं तपासून 2003 मध्ये निष्कर्ष छापले. त्याच दिवशी प्रश्नावली पुन्हा भरून घेतली, तर दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध 0.96 आला; 1 म्हणजे तंतोतंत जुळणी. मला या आकड्याचं फार कौतुक वाटत नाही. सकाळी काय लिहिलं ते संध्याकाळी कुणालाही आठवतं. वर्षभराने किंवा त्याहून उशिरा विचारल्यावर तो 0.66 वर उतरला. हा प्रश्नावलीचा दोष म्हणावा, तर तेवढ्या काळात झोपही बदललेली असू शकते. दोन्ही कारणं या एका आकड्यातून वेगळी काढता येत नाहीत. पाच उत्तरांचा आपसातला मेळ दाखवणारा अल्फा सरासरी 0.78 होता. तो 1 च्या अगदी जवळ असता, तर एकच प्रश्न पाचदा विचारला की काय, अशी शंका आली असती.

उत्तरं दर वेळी सारखी आली म्हणून ती खरी ठरत नाहीत. वजनकाटा रोज दोन किलो जास्तच दाखवत असेल, तरी तो सातत्याने दाखवतो! म्हणून 459 स्त्रियांचे गुण त्यांच्या झोपेच्या वस्तुनिष्ठ नोंदींशी ताडून पाहिले. नोंदींनुसार नीट झोपणाऱ्या आणि न झोपणाऱ्या गटांतला फरक गुणांतही उतरला. दोन गटांच्या सरासरीत सुमारे अर्ध्या प्रमाण विचलनाचा (गुण सरासरीभोवती साधारण किती पसरलेले आहेत, त्याचं माप) फरक असेल, तर तो दखल घेण्याजोगा मानावा, असं संशोधकांनी सुचवलं.

पुढच्या अनेक अभ्यासांनी 9 किंवा अधिक गुण म्हणजे निद्रानाश, अशी रेघ आखली. झोप का मोडते, हे मात्र हा आकडा सांगत नाही. अंगातून वाफा निघाल्याने उठणारी, लघवीला उठणारी आणि घोरताना श्वास अडकून जागी होणारी, तिघींनाही 12 गुण मिळू शकतात आणि तिघींचे उपचार वेगळे असतात.