जाहिदा हिना

हिना, जाहिदा : (जन्म ५ ऑक्टोबर १९४६). पाकिस्तानातील उर्दू कथाकार, कादंबरीकार, स्तंभलेखिका आणि स्त्रीवादी विचारवंत. जन्म बिहारमधील सासाराम येथे. शेरशाह सूरीची तळ्यातली कबर ज्या गावात आहे तेच हे सासाराम. फाळणीनंतर कुटुंब कराचीला गेले. त्यामुळे त्यांच्या पिढीतल्या अनेक उर्दू लेखकांप्रमाणे जन्मगाव त्यांना मिळाले ते मुख्यतः घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यातून आणि पुस्तकांतून. लिहायला त्यांनी फार लवकर, वयाच्या नवव्या वर्षी सुरुवात केली. पहिला लेख १९६२ मध्ये कराचीच्या ‘इंशा’ मासिकात छापून आला आणि त्याच दशकाच्या मध्यापासून पत्रकारिता हा त्यांचा व्यवसाय झाला.

‘इंशा’ हे मासिक कवी जौन एलिया चालवत. त्याचेच पुढे ‘आलमी डायजेस्ट’ झाले. जाहिदा आणि जौन यांचा विवाह १९७० मध्ये झाला. त्यांना तीन मुले झाली. पुढे दोघे विभक्त झाले. हल्ली जौन यांचे शेर भारतातही मोबाइलवर फिरतात, त्यामुळे इकडच्या बऱ्याच तरुण वाचकांना जाहिदा हिना हे नाव प्रथम भेटते ते जौन यांची पत्नी म्हणून. ही ओळख अपुरी आहे. जौन यांचा पहिला कवितासंग्रह येण्याच्या कितीतरी आधी जाहिदा हिना कथाकार म्हणून परिचित होत्या, आणि वृत्तपत्र वाचणाऱ्या सामान्य पाकिस्तानी माणसापर्यंत त्यांचे गद्य जितके पोहोचले तितके तिथल्या फार थोड्या साहित्यिकांचे पोहोचले असेल.

रेडिओ पाकिस्तान, बीबीसी उर्दू आणि व्हॉइस ऑफ अमेरिका येथे त्यांनी काम केले. दूरचित्रवाणीसाठी नाटके लिहिली. मात्र त्यांचे खरे व्यासपीठ स्तंभलेखनाचे. १९८८ ते २००५ या काळात त्या ‘जंग’ या दैनिकात लिहीत होत्या, नंतर ‘एक्स्प्रेस’ या उर्दू दैनिकात लिहू लागल्या. १९८८ या वर्षाला येथे वेगळे महत्त्व आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये लष्करशहा जनरल झिया-उल-हक विमान अपघातात मरण पावले, नोव्हेंबरात निवडणूक झाली आणि डिसेंबरात बेनझीर भुट्टो पंतप्रधान झाल्या. अकरा वर्षे दबलेले बोलणे तेव्हा वर्तमानपत्रांत मोकळे होऊ लागले होते.

त्या अकरा वर्षांत काय घडले हे पाहिल्याशिवाय जाहिदा हिना यांचा स्त्रीवाद कळणार नाही. ५ जुलै १९७७ रोजी झियांनी सत्ता घेतली आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये शरियतमधल्या शिक्षा अमलात आणणारे हुदूद अध्यादेश लागू केले. त्यातल्या ‘ज़िना’विषयक (विवाहबाह्य शरीरसंबंधांविषयीच्या) अध्यादेशाने व्यभिचार आणि बलात्कार एकाच कायद्यात बसवले. सर्वांत कडक शिक्षेसाठी चार प्रौढ मुस्लिम पुरुषांनी गुन्हा डोळ्यांनी पाहिलेला असावा, अशी अट होती. प्रत्यक्षात याचा अर्थ असा झाला, की बलात्काराची फिर्याद घेऊन आलेली बाई तो सिद्ध करू शकली नाही तर तिची फिर्याद किंवा तिचे गरोदरपण हीच व्यभिचाराची कबुली मानली जाऊ लागली. १९८३ मध्ये एका अंध मुलीला याच रीतीने कैद आणि फटक्यांची शिक्षा सुनावली गेली. देशात आणि बाहेर गदारोळ झाल्यावर ती रद्द झाली. त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला लाहोरमध्ये उच्च न्यायालयाकडे निघालेल्या स्त्रियांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि अश्रुधूर सोडला. मोर्चा होता तो प्रस्तावित साक्ष कायद्याविरुद्ध. आर्थिक व्यवहारांच्या दस्तऐवजावर एका पुरुषाच्या जागी दोन स्त्रियांची साक्ष लागेल, ही त्यातली तरतूद १९८४ मध्ये कायद्यात आलीच. किश्वर नाहीद आणि फहमीदा रियाझ या कवयित्री याच काळात राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत खुपू लागल्या होत्या. फहमीदांना तर १९८१ मध्ये देश सोडून दिल्लीत आश्रय घ्यावा लागला.

जाहिदा हिना कराचीतच राहिल्या आणि कथा लिहीत राहिल्या. ‘कैदी सांस लेता है’ हा त्यांचा पहिला कथासंग्रह. त्यानंतर ‘राह में अजल है’ आणि ‘रक़्स-ए-बिस्मिल है’ आले. कैद, मृत्यू आणि तडफड यांनी भरलेली ही शीर्षके वाचून रडक्या कथांची अपेक्षा करणाऱ्याची निराशा होते. या कथांतल्या स्त्रिया पुष्कळ वाचलेल्या, वाद घालणाऱ्या, इतिहासाची जाण असलेल्या आहेत, आणि राजकारण त्यांच्या घराबाहेर थांबत नाही. ‘तितलियां ढूंढने वाली’ ही बहुधा त्यांची सर्वांत परिचित कथा. फाशीची तारीख ठरलेली एक राजकीय कैदी आणि तुरुंगात तिच्याजवळ असलेले तिचे लहान मूल, एवढाच कथेचा ऐवज. आपण कुठे निघालो आहोत हे मुलाला सांगायचे कसे? फुलपाखरे शोधायला जाते, असे आई सांगते. हुकूमशाहीवर लिहिलेल्या शेकडो निषेध-कथांत ही टिकून राहिली, याचे कारण तीत घोषणा नाही. हुकूमशहाचे नावही घ्यावे लागत नाही. कोठडीतले दैनंदिन बोलणेच पुरते.

‘कुमकुम बहुत आराम से है’ ही कथा युद्धाने होरपळलेल्या अफगाणिस्तानात घडते. काबूलमध्ये काम करणारी एक भारतीय डॉक्टर मुलगी घरी पत्र लिहिते, आणि तिच्या मनात रवींद्रनाथ ठाकुरांचा काबुलीवाला आहे. पाकिस्तानी लेखिकेने अफगाण युद्धाकडे पाहण्यासाठी बंगाली कथेचा आधार आणि भारतीय नायिका निवडावी, यात जाहिदा हिना यांचा पिंड दिसतो. १९४७ ची रेघ त्यांच्या कल्पनेला मान्य नाही. या बाबतीत त्यांचे नाते उर्दू कादंबरीकार कुर्रतुल ऐन हैदर यांच्याशी सांगता येईल. दोघींनाही एका माणसाची गोष्ट सांगताना शतकांचा पट उलगडल्याशिवाय राहवत नाही. क्वचित हा पट कथेला जड होतो, संदर्भांची गर्दी होते आणि पात्रे लेखिकेच्या वतीने बोलू लागतात. हा दोष त्यांच्या टीकाकारांइतकाच त्यांच्या चाहत्यांनाही ठाऊक आहे.

‘न जुनूं रहा न परी रही’ ही त्यांची लहानशी कादंबरी. बिरजीस दावर अली ही तिची नायिका. फाळणीने तुटलेली घरे, नव्या देशात रुजू न शकलेली माणसे आणि त्या देशात हळूहळू अंग चोरून जगू लागलेले अल्पसंख्य हा तिचा विषय. नीलम हुसेन यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो दिल्लीच्या ‘झुबान’ या स्त्रीवादी प्रकाशनसंस्थेने काढला. कादंबरीचे शीर्षक महाराष्ट्राच्या मातीतले आहे. अठराव्या शतकातले सूफी कवी सिराज औरंगाबादी यांच्या विख्यात गझलेच्या पहिल्याच शेरातले ते शब्द. प्रेमाच्या विस्मयाची वार्ता ऐकली आणि ना वेड उरले ना परी, असा त्यांचा आशय. सिराज यांनी ते ईश्वरी प्रेमातल्या आत्मविस्मृतीबद्दल लिहिले. कादंबरीवर ते आले तेव्हा त्यात स्वप्नभंगाचा अर्थ भरला: ज्या देशासाठी वेड लागले होते तो देशही हाती लागला नाही.

‘औरत: जिंदगी का जिंदां’ (स्त्री: जगण्याचा तुरुंग) हा त्यांचा लेखसंग्रह उर्दूतल्या स्त्रीवादी गद्यात महत्त्वाचा मानला जातो. कायदा, धर्मकारण, शिक्षण आणि साहित्याचा इतिहास हे सगळे त्यांच्या लेखांत एकमेकांत मिसळलेले असते. त्यांच्या नावावर दोन हजारांहून अधिक लेख आहेत. साप्ताहिक मुदतीच्या दडपणाखाली लिहिलेल्या इतक्या मजकुरात पुनरुक्ती असणारच, आणि ती आहे. पण लष्करी सत्ता, धर्माच्या नावाने होणारी हिंसा आणि भारत-पाकिस्तान शत्रुत्व यांबद्दलची भूमिका सरकारे बदलली म्हणून बदललेली दिसत नाही. हिंदी वाचकांना त्या ‘दैनिक भास्कर’मधल्या ‘पाकिस्तान डायरी’ या सदरामुळे परिचित झाल्या. सणवार, महागाई, मुशायरे, बॉम्बस्फोट, एखाद्या जुन्या गायिकेचे निधन असे काहीही त्यात येई. सीमेपलीकडच्या लोकांनाही विजेची बिले भरावी लागतात, हे समजण्याची तेवढी सोय भारतीय वृत्तपत्रांत फार ठिकाणी नव्हती.

२००१ मध्ये त्यांना सार्क साहित्य पुरस्कार भारताच्या राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला. मायदेशातला मोठा सन्मान मात्र त्यांनी नाकारला. २००६ मध्ये पाकिस्तान सरकारने ‘प्राइड ऑफ परफॉर्मन्स’ हा राष्ट्रपती पुरस्कार जाहीर केला, तेव्हा जनरल परवेझ मुशर्रफ राष्ट्राध्यक्ष होते. लष्करी राजवटीचा निषेध म्हणून जाहिदा हिना यांनी तो घ्यायला नकार दिला. हा नकार दिसतो तितका सोपा नव्हता. झियांच्या तुलनेत मुशर्रफ यांची राजवट सुधारक दिसत होती: खाजगी दूरचित्रवाहिन्या आल्या होत्या, कायदेमंडळांत स्त्रियांच्या राखीव जागा वाढल्या होत्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस स्त्री संरक्षण कायदा होऊन बलात्काराचा गुन्हा हुदूद अध्यादेशातून पुन्हा सर्वसाधारण दंडसंहितेत आला. उदारमतवादी मंडळींपैकी कित्येकांना हे ‘प्रबुद्ध’ लष्कर चालण्याजोगे वाटत होते. स्त्रियांना काही देणारा सेनापतीसुद्धा सेनापतीच, ही जाहिदा हिना यांची भूमिका त्या वातावरणात एकाकी नसली तरी गैरसोयीची नक्कीच होती.

त्यांच्या कथांचे इंग्रजी, हिंदी आणि अन्य भाषांत अनुवाद झाले आहेत; ‘पाकिस्तानी स्त्री: यातना और संघर्ष’ हे पुस्तक हिंदीतून मिळते आणि मराठी वाचकाला सुरुवात करायला ते सोयीचे आहे. उतारवयात त्यांनी कराचीतील अंजुमन तरक्की-ए-उर्दू या उर्दूच्या प्रसारासाठी असलेल्या संस्थेच्या मानद सचिवपदाची जबाबदारी स्वीकारली. १९०३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे कार्यालय उर्दूचे अभ्यासक मौलवी अब्दुल हक यांच्या कारकिर्दीत अनेक वर्षे औरंगाबादेत होते. तिचे ‘उर्दू’ हे त्रैमासिक १९२१ मध्ये तिथूनच सुरू झाले. पुढे संस्था दिल्लीला आणि फाळणीनंतर अब्दुल हक यांच्याबरोबर कराचीला गेली.