जुन्या पुलांचे पादचारी व सायकल वापरासाठी पुनरुज्जीवन (खानदेश)

मोटार वाहतुकीला बंद केलेला जुना दगडी किंवा लोखंडी पूल दुरुस्त करून पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी पुन्हा खुला करण्याची पद्धत. शेजारी नवा रुंद पूल झाला की जुना पूल एकतर पाडतात, नाहीतर पडेपर्यंत तसाच सोडून देतात. हलक्या वापरासाठी तो राखणे हा तिसरा मार्ग. प्रस्तुत नोंद त्याविषयी असून जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील नद्या आणि हवामान लक्षात घेऊन लिहिली आहे.

खानदेशात अशा पुलाची गरज खरी आहे. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, बुराई या नद्यांच्या पात्रात वर्षातले बरेच महिने वाळूच दिसते. पावसाळ्यात मात्र एका रात्रीत ‘नदीले पूर उना’ (नदीला पूर आला) अशी हाक येते. सप्टेंबर १८७२ मधील गिरणा-पांझरेच्या पुराने धुळ्यासह नदीकाठचा मोठा भाग उद्ध्वस्त केला होता. गावोगावचे फरशी पूल पहिल्याच मोठ्या पाण्यात बुडतात, आणि महामार्गावरच्या नव्या पुलावरून केळीचे ट्रक धावत असताना शाळेतल्या पोरीने सायकल घालावी अशी परिस्थिती नसते. धुळे शहर व देवपूर यांच्यामध्ये पांझरा आहे. शाळा, कॉलेज, बाजार यांसाठी रोज नदी ओलांडणाऱ्यांत पायी आणि सायकलने जाणारे पुष्कळ. जुना पूल शक्यतो वस्तीला वस्ती जोडतो, नवा पूल बायपासला जोडतो, हा फरक नियोजनात अनेकदा विसरला जातो.

तपासणी : दगडी कमानीची पाहणी पुलावरून होत नाही, पुलाखालून होते. कमानीच्या पोटाशी पांढरे ओघळ दिसले तर भरावात पाणी मुरून चुना विरघळून बाहेर येतो आहे असे समजतात. गवंडी हातोडीने दगड ठोकून पाहतात : खणखणीत आवाज आला तर दगड घट्ट, बद्द आवाज आला तर आत पोकळी किंवा सुटलेला थर. कठड्यात आणि सांध्यांत उगवलेले पिंपळ-उंबर नुसते छाटून भागत नाही, कारण मुळे जिवंत राहून पुढच्या पावसात पुन्हा फुटतात. मूळ खोल गेले असेल तर तेवढे दगड क्रमांक टाकून उतरवून पुन्हा बसवावे लागतात. दोन कमानींमधल्या खांबाला उभी भेग असेल, तर पाया खचल्याची शंका आधी घ्यावी.

पावसाचे पाणी बाहेर टाकणाऱ्या दगडी पन्हाळी बहुतेक पुलांवर डांबराखाली गाडलेल्या सापडतात. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर चढतो, जुना कोणी काढत नाही. पाच सेंटिमीटर जाडीचा एक थर चौरस मीटरला सुमारे ११५ किलो वजन वाढवतो, म्हणजे असे चार थर साचले की ४६० किलो झाले. शिवाय रस्ता उंचावल्याने कठडा बुटका होतो. त्यामुळे दुरुस्तीचे पहिले काम काहीतरी बांधण्याचे नसून खरवडून काढण्याचे असते. मात्र आतला मुरूम-दगडाचा भराव सरसकट उपसून चालत नाही. कमान वजनानेच दाबून घट्ट राहते, आणि एका बाजूचा भराव आधी काढला तर दुसऱ्या बाजूच्या वजनाने ती मोकळ्या झालेल्या बाजूला वर फुगते. भराव काढायचाच असेल तर मध्यापासून दोन्हीकडे सारख्या प्रमाणात.

चुना : जुने बांधकाम काळा दगड, चुना आणि विटांची सुरखी (भुकटी) यांचे. पांझरेवरचे फड पद्धतीचे (गावाने मिळून चालवलेल्या सिंचनाचे) बंधारेही दगड-चुन्याचेच, त्यामुळे हे तंत्र खानदेशाला परके नाही. अडचण अशी की अंदाजपत्रकात दर्जा (दगडांमधले सांधे) भरण्याच्या कामापुढे सवयीने सिमेंट लिहिले जाते. सिमेंटचा सांधा कडक आणि पाणी अडवणारा. आत शिरलेली ओल त्यातून सुकू शकत नाही. ती शेजारचा मऊ चुना आणि दगडाच्या कडा झिजवते. वरून पूल नवाकोरा दिसतो आणि आतून पोखरला जातो. चुन्याला सवड लागते : घाणीत मळणे, मुरवणे, लावल्यावर ओले गोणपाट टाकून दिवसचे दिवस दमट ठेवणे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तो पकडण्याआधीच सुकतो आणि भुकटी होऊन पडतो. म्हणून दर्जा भरण्याचे काम हिवाळ्यात उरकावे हे उत्तम. पायाचे काम दिवाळीनंतर पाणी ओसरल्यापासून आखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत) चालू शकते. गिरणेवर त्यातही एक पाचर आहे : गिरणा धरणातून पिण्याच्या पाण्याचे आवर्तन सुटले की भर उन्हाळ्यात पात्र वाहू लागते. तारखा जलसंपदा विभागाकडून आधी घेतल्या नाहीत, तर पायाभोवतीचा खड्डा आणि त्यातले साहित्य दोन्ही पाण्याखाली जातात.

पाया आणि वाळू : पुरात पूल पडतो तो बहुधा वरच्या भाराने नव्हे. खांबाभोवती भोवरा होऊन पायाखालची वाळू निघून जाते, आणि पूर ओसरताना तो खड्डा पुन्हा वाळूने भरतो. त्यामुळे उन्हाळ्यात सारे ठीक दिसते. रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, त्यानंतर राज्यभर जुन्या पुलांच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा (मजबुतीच्या तपासणीचा) विषय ऐरणीवर आला. खानदेशात धोक्यात भर घालतो तो वाळूउपसा. गिरणेचे पात्र जागोजाग इतके खोल गेले आहे की मूळ तळाखाली असलेले पाये उघडे पडतात. अशा पुलाखाली दगडी फरसबंदी किंवा जाळीत बांधलेले दगड टाकून पात्र स्थिर करतात. उपसा थांबला नाही तर हा खर्चही नदीतच जातो.

लोखंडी पूल : रिव्हेटने जोडलेल्या पट्ट्यांमध्ये गंज फुगून पट्ट्या एकमेकींपासून दूर ढकलतो. जुन्या घडीव लोखंडावर धातूची चाचणी न करता वेल्डिंग करू नये. सुटलेल्या रिव्हेटच्या जागी बोल्ट घालणे सुरक्षित. बेअरिंगकडे, म्हणजे गर्डर (लोखंडी तुळई) खांबावर ज्या सरकत्या आधारावर टेकतो त्याकडे, विशेष पाहावे लागते. हिवाळी पहाटेचे ८-१० अंश आणि मे महिन्यातले ४५ अंश यांतील फरकाने ३० मीटर लांबीचा गर्डर सुमारे १३ मिलिमीटर वाढतो. रोलर गंजून अडकले असतील तर हा ताण खांबाच्या माथ्यावर जातो आणि तिथले दगड फुटतात.

गर्दीचा भार : मोटारी बंद केल्या म्हणजे पूल हलका झाला, ही समजूत चुकीची आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार पदपथासाठी चौरस मीटरला ४०० किलो, आणि जत्रा-बाजारामुळे गर्दी होणाऱ्या जागी ५०० किलो भार धरतात. तीन मीटर रुंद व दहा मीटर लांब तुकड्यावर हा भार १५ टन होतो. खानदेशात ही गर्दी केव्हा होते हे ठरलेले आहे : श्रावणातल्या सोमवारी कानबाई देवीचे विसर्जन, गणपती, आणि पूर पाहायला लोटलेले लोक. हे तिन्ही प्रसंग पावसाळ्यातले. म्हणजे माणसांचा सर्वाधिक भार आणि पाण्याचा सर्वाधिक मारा एकाच दिवशी पुलावर येऊ शकतो, आणि डिझाइन त्या दिवसासाठी हवे.

गुजरातेत मोरबीचा झुलता पूल दुरुस्तीनंतर खुला होऊन काही दिवसच झाले असताना ३० ऑक्टोबर २०२२ रोजी तुटला. १३५ जणांचा मृत्यू झाला. मुख्य केबलच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजून तुटलेल्या असाव्यात, असे चौकशीत आढळले. मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी पर्यटकांच्या गर्दीत कोसळला. दोन्ही ठिकाणी पुलावर मुख्यतः माणसांचीच गर्दी होती.

प्रवेश आणि कठडे : चालणाऱ्याला सुमारे १.१ मीटर उंचीचा कठडा पुरतो, सायकलवर बसलेल्याचा तोल उंच असल्याने त्याला अधिक उंच लागतो. मूळ दगडी कठडा न फोडता आतल्या बाजूने वेगळे रेलिंग उभे करतात. चढ १:२० च्या आसपास असेल तर सायकल सहज चढते. खरी कसोटी मोटारसायकलची. जिथून सायकल जाते तिथून मोटारसायकलही जाते, आणि दूध-भाजीवाला वळसा घालून जाणार नाही हे गृहीतच धरावे. लोखंडी खुंट्या रोवल्या तर रिक्षा आणि ट्रॅक्टर अडतात, दुचाकी अडत नाही. नागमोडी अडथळ्याने तिचा वेग मोडतो, पण तोच अडथळा व्हीलचेअरला आणि हातगाडीला अडवतो. पुलाला धोका नसेल तिथे ठरावीक वेळेत दुचाकी येऊ देणे हाच अनेकदा अधिक प्रामाणिक तोडगा ठरतो.

उदाहरणे : शेजारच्या गुजरातेत अहमदाबादचा १८९२ चा एलिस ब्रिज दोन्ही बाजूंनी नवे पूल बांधून मधोमध राखला गेला. भरूचचा नर्मदेवरील १८८१ चा गोल्डन ब्रिज २०२१ मध्ये नवा पूल सुरू झाल्यावर मोटारींना बंद झाला.

मालकी व देखभाल : जुना पूल सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा रेल्वे यांपैकी कोणाचाही असू शकतो. संरक्षित स्मारकांच्या यादीत असे पूल क्वचितच असतात. वाहतूक नव्या पुलावर गेली की जुन्या पुलाच्या देखभालीचे लेखाशीर्षही (खर्चाची तरतूद) बहुधा त्याच वाटेने जाते. म्हणून हस्तांतरणाच्या ठरावातच दोन गोष्टी नावानिशी लिहाव्या लागतात : पाणी धोक्याच्या खुणेला लागल्यावर फाटक कोण बंद करणार, आणि दर पुरानंतर खांबांभोवतीची खोली कोण मोजणार. रोषणाई, बाकडी आणि सेल्फी पॉइंट यांसाठी पैसा मिळणे त्या मानाने सोपे असते.