गजर वाजतो, गोळी राहते

औषधांची आठवण करून देणारं नवं ॲप आलं, की ‘आता एकही डोस चुकणार नाही’ अशी जाहिरात पाठोपाठ येतेच. मला त्या गजरापेक्षा फार्मासिस्टच्या संगणकातली एक साधी वजाबाकी जास्त आवडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घ आजारांचे साधारण निम्मेच रुग्ण औषधं नीट घेतात. विचारलं तर मात्र ‘घेतो की रोज!’ हेच उत्तर.

म्हणून दुकानातून गोळ्या नेल्याच्या तारखा बघायच्या. रोज एक गोळी, एका वेळी ३० गोळ्या. समजा पहिल्या दिवशी नेल्या, मग ४१ व्या, मग ८१ व्या दिवशी. ९० दिवसांचा हिशोब मांडला तर ३१ ते ४० आणि ७१ ते ८० हे दिवस कोरडे. ९० पैकी ७० दिवस गोळ्या हाताशी, म्हणजे ७८ टक्के. ८० टक्के ही सर्रास धरली जाणारी रेघ, त्यामुळे या नावापुढे खूण उमटते. कोणी पाच दिवस आधीच पुढच्या गोळ्या नेल्या, तर सॉफ्टवेअर शिल्लक पाच गोळ्या पुढच्या दिवसांवर सरकवतं. नुसत्या गोळ्यांची बेरीज केली तर आकडा शंभरावर जाऊ शकतो. इथे दिवस मोजतात, म्हणून तो शंभराला थांबतो.

अर्थात, नेली म्हणजे गिळली असं नाही. चिप बसवलेलं बाटलीचं झाकण उघडल्याची वेळ टिपतं, पण गोळी तोंडात गेली की बेसिनमध्ये, हे त्यालाही कळत नाही.

आणि गजर? अमेरिकेत ५० हजारांहून जास्त लोकांना आठवणीची स्वस्त साधनं देऊन पाहिली. २०१७ मध्ये निष्कर्ष आला, फरक पडला नाही. कारण सगळेच विसरत नाहीत, काही जण ठरवून सोडतात. कोणाला ‘गोळीची सवय लागेल’ ही भीती. (गोळी थांबल्यावर रक्तदाब चढतो तो बहुधा आजार तिथेच असतो म्हणून, त्याला सवय म्हणत नाहीत.) कोणाला खोकला. रामिप्रिल, एनालाप्रिल ही रक्तदाबाची औषधं जे एन्झाइम रोखतात, तेच ब्रॅडिकायनिन नावाच्या रेणूचे तुकडे करत असतं. ते थांबलं की ब्रॅडिकायनिन साचतं आणि काहींना कोरडी ढास लागते.

खूण दिसली की फार्मासिस्ट विचारतो, “मध्ये दहा दिवस गोळ्या नव्हत्या का?” “खोकल्यानं झोप लागेना, म्हणून बंद केल्या.” मग तो डॉक्टरांना फोन लावतो: त्या एन्झाइमला हात न लावणारं लोसार्टनसारखं औषध चालेल का?